उरल्यासुरल्या रंगांचं घर

पेंटरकाकांच्या हातून रंगलं नाही असं घर त्या भागात शोधून दाखवा, पैज! दवाखाने, दुकानं, शाळा, टॉकीज, वकिलांचे बंगले, एकट्या माणसांच्या एकेक खोल्या, सगळीकडे काकांची घोडी, म्हणजे ती उघडमिटीची लाकडी शिडी, एकदा तरी उभी राहिलेली. आणि त्याच काकांच्या स्वतःच्या घरात पाऊल टाकलं की नवखा माणूस दारातच थबकायचा. पुढच्या खोलीला भिंती चार आणि रंगही चार. एक पिस्त्यासारखी हिरवी, एक गडद लाल, एक निळी आणि चौथी अशी गुलाबी की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. घरातल्या बोळात तर कमाल होती. कमरेपर्यंत पिवळा आणि त्याच्या वर राखाडी, कारण पिवळा कमरेपाशीच संपला होता. शेजारीपाजारी त्या घराला सर्कस म्हणायचे. काकू ऐकायच्या आणि म्हणायच्या, "सर्कसच आहे. फक्त तिकीट लावायचं राहिलंय."

कारण साधं होतं. घरमालक रंग नेहमी जास्त आणायचे. काका सांगायचे, एवढा लागणार नाही; पण रंगाऱ्याचं कोण ऐकतं? काम संपलं की डब्याच्या तळाशी चार बोटं रंग उरायचा आणि मालक मोठ्या मनाने म्हणायचे, "घेऊन जा हो, आम्हाला काय करायचाय!" मग तो डबा सायकलच्या हँडलला लटकत घरी यायचा आणि जिथे जागा असेल तिथे भिंतीवर चढायचा. काकांनी स्वतः मोजून आणलेल्या रंगातून मात्र कधी थेंब उरला नाही. "उरला तर रंगाऱ्याची चूक आणि पुरला नाही तर रंगाऱ्याची अब्रू," असं ते कॉलर ताठ करून सांगायचे. ती कॉलरही कुठल्या ना कुठल्या रंगाने माखलेली असायची, ते सोडा.

काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा भिंतींना बहुतेक ठिकाणी नुसता सिमेंटचा गिलावा होता. नवरा रंगारी आहे म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात एक खोली रंगवून ठेवली होती. दुधावरच्या सायीचा रंग, चारही भिंतींना एकच, कुठे जोड नाही की ठिगळ नाही. माहेरी त्यांची खोली म्हणजे पोत्यांमागचा कोपरा होता. तेव्हा रंगाऱ्याच्या बायकोने एका रंगाची एक खोली मागणं म्हणजे काही चंद्र मागणं नव्हे, असं त्यांना वाटलं.

"अहो, एक तरी खोली एका रंगाची करा ना."

"करू की. पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष काही आलं नाही. आला तो दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला पिस्ता. काकू रुसल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्याच भिंतीला खिळा ठोकून त्यांनी आरसा लावला. संसार असाच असतो. ज्याच्यावर रुसायचं त्यालाच खिळा ठोकायला हातोडी मागायची.

त्यानंतर टॉकीजचा लाल आला. त्या भिंतीने खोलीतला उजेडच गिळला, दिवसाढवळ्या दिवा लावून तांदूळ निवडायची वेळ आली. मग शाळेचा निळा. त्यावर लेक खडूने बेरजा करायची आणि चुकली की ओल्या फडक्याने पुसायची, म्हणून खालचा पट्टा कायमचा फिका पडला. गुलाबी आला तो न्यायाधीशांच्या मुलीच्या खोलीतला. तो बघून लेकीने आपली गादी ओढत नेली आणि त्या भिंतीशी लावली. लग्न होईपर्यंत तिथून हलली नाही. कपाटामागची जागा तेवढी कोरी राहिली. त्या वर्षी काका बांबूच्या परांचीवरून पडले होते, हात गळ्यात बांधलेला, घरात ना रंग आला ना फारसं काही. काकूंनी शिवणयंत्रावर दिवस काढले आणि त्या कोऱ्या जागेसमोर कपाट सरकवून दिलं, डोळ्यांसमोर नको म्हणून.

हळूहळू काकू वेळकाळच भिंतींवरून सांगायला लागल्या. "लाल भिंत लागली ना, तेव्हा हिला कांजिण्या आल्या होत्या." "छे हो, ते पाहुणे पिवळ्याच्या आधी आले होते." आणि काकांची एक गंमत होती. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते आपली खुर्ची रोज वेगळ्या भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. "आज डॉक्टरांकडे बसतो," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी, "आज टॉकीजला जाऊन येतो." काकू म्हणायच्या, "जा, आणि येताना भाजी आणा." एवढा जुना विनोद झाला होता तो, की कुणी हसायचंसुद्धा नाही. पण तो रोज व्हायचा.

मग काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. घर वरच्या मजल्यावर, जिना एखाद्या भांडकुदळ माणसासारखा सरळ अंगावर येणारा. आधी कठडा धरून उतरायच्या, मग बसत बसत, मग उतरणंच थांबलं. भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायला लागली. मैत्रिणी आधी वर यायच्या, मग त्यांचेही गुडघे म्हातारे झाले. काकूंचं जग खिडकीच्या चौकटीएवढं उरलं. काकूंसारख्या बोलक्या बाईने खिडकीतून ओरडून गप्पा मारायच्या म्हणजे काय हाल! अर्धी गल्ली त्यांची गुपितं ऐकायची.

लेकीने मनावर घेतलं. तिच्या शेजारच्याच तळमजल्यावर दोन रिकाम्या खोल्या विकायच्या होत्या. उंबरा ओलांडला की अंगण, अंगणात झाड, झाडाखाली गप्पा मारणाऱ्या बायका. त्या खोल्यांचा मालक म्हणाला, "शाळांच्या सुट्ट्या संपेपर्यंत थांबतो. मग दुसरं गिऱ्हाईक बघीन." म्हणजे तेवढ्या वेळात हे घर विकायला हवं. विकलं तर काकू खाली उतरणार, नाही तर वरच अडकून राहणार. इतका सरळ हिशोब होता.

घर विकायचं म्हणजे किल्लीभाऊ. तो दलाल, कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की चालताना घुंगरू बांधलेला बैल आल्यासारखा वाटायचा. विकायला निघालेली कितीतरी घरं त्याने काकांकडूनच रंगवून घेतली होती. त्याने पहिलं गिऱ्हाईक आणलं, एक तरुण नवराबायको. नवऱ्याने दारातून आत डोकावलं आणि म्हणाला, "हे घर आहे की रंगाच्या दुकानातलं नमुन्याचं पुस्तक?" बायको तोंडावर हात ठेवून हसायला लागली. काकूही हसल्या, त्यांना सवयच होती. काका हसले नाहीत. त्यांनी खुर्ची उचलली आणि पिस्त्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले.

ते दोघं गेल्यावर किल्लीभाऊ म्हणाला, "काका, आता मी तुम्हाला शिकवायचं? तुम्हीच मला शिकवलंत ना? मी कुलपाशी खटपट करत असतो तेवढ्या वेळात गिऱ्हाईक दार बघतं, म्हणून दार आधी. घर फोडून नवं करायच्या भानगडीत पडू नये. मोडलेलं नीट करावं, मळलेलं धुवावं, अंधारात दिवा लावावा, अडगळ हलवावी. आणि भिंतीला असा रंग द्यावा, की येणाऱ्याला तिथे आपलं सामान दिसलं पाहिजे, आधीच्याचं नाही. तुमचेच शब्द आहेत."

"माहीत आहे," काका म्हणाले.

"मग करा की. आणि ते झालं की वकीलताईंचं घर आहे, तेही विकायचंय. तेवढं रंगवून द्या."

"नाही. हे शेवटचं. यानंतर घोडी मोडीत."

दुसऱ्या दिवसापासून काका कामाला लागले, आणि काय लागले म्हणता! दार घासून पॉलिश केलं, इतकं की कडीत तोंड दिसावं. गळका नळ बदलला. कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. फुटक्या फरश्या काढून नव्या बसवल्या, विजेची पिवळी पडलेली बटणं बदलली, बोळातल्या मिणमिणत्या दिव्याच्या जागी ठसठशीत दिवा लावला. त्याने झालं एवढंच, की पिवळा आणि राखाडी यांचा तो कमरेचा जोड आणखी लख्ख दिसायला लागला. न्हाणीघरातल्या फरशांच्या फटी त्यांनी टूथब्रशने घासल्या. फक्त भिंतींना हात लावला नाही.

काकू खुर्चीतून सगळं बघत होत्या. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं, नाटक काही सुरू होत नव्हतं.

"अहो, आणि भिंती?"

"भिंती सुकायला हव्यात आधी."

"भिजल्या कधी होत्या?"

काका न्हाणीघरात गेले आणि आधीच घासलेली फट पुन्हा घासायला लागले. इकडे सुट्ट्या सरत चालल्या होत्या. लेकीचा निरोप आला की खोल्यांचा मालक कुणाला तरी घर दाखवून गेला. त्या दिवशी काकूंचा बांध फुटला.

"जन्मभर तुमच्याकडे एक खोली मागितली मी! दागिना नाही मागितला, प्रवास नाही मागितला. एक खोली, एका रंगाची. तुम्हाला ती जमली नाही. बरं, मला नाही दिलीत, नका देऊ. पण आता परक्या माणसासाठी द्यायची वेळ आली तरी हात उठेना तुमचा? मी काय खिडकीतूनच माणसं बघत मरायचं?"

काका टूथब्रश हातात धरून दारात उभे राहिले. एरवी ते अशा वेळी पायात चपला सरकवून निघून जायचे. आज खाली बसले, उंबऱ्यातच.

"तुला आठवतं, माझी दाढ दुखली होती? डॉक्टरांकडे गेलो होतो. पिस्त्याच्या दवाखान्यात."

"दाढेचं काय मध्येच?"

"ऐक तर. नंबर यायला वेळ होता. जरा भिंतीला टेकलो. तिथली बाई म्हणाली, काका, भिंतीला टेकू नका, रंग खराब होतो." काकांनी टूथब्रश खाली ठेवला. "मीच दिलेला रंग, अगं."

काकूंना आधी हसू आलं. मग नवऱ्याचं तोंड बघून ते जिरलं.

"काम चालू असेपर्यंत घर आपलं असतं. कुठे ओल आहे, कुठे पोपडा आहे, घरच्यांनाही माहीत नसतं ते आपल्याला माहीत. काम संपलं की दार लागतं. मी रंगवलेल्या एकाही खोलीत मला कुणी बस म्हटलं नाही. आपली चूक नाही, त्यांचीही नाही, कामच तसं आहे. पण म्हणून थोडं थोडं घरी आणलं. इथे मला कुणी टेकू नका म्हणत नाही."

इतकी वर्षं काकू ज्याला कंजूसपणा म्हणत आल्या ते हे होतं तर! राग गेला असं नाही, इतका मुरलेला राग एका दाढेने जात नसतो. पण त्याच्या शेजारी येऊन काहीतरी दुसरंच बसलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हे आधी सांगितलं असतंत तर मी इतकी भांडले नसते."

"भांडली असतीस."

"हो, भांडले असते," काकू नाक पुसत म्हणाल्या, "पण जरा कमी."

काका उठले. हात धुतले. मग मोजायची पट्टी शोधत सहज विचारावं तसं विचारलं, "कुठला रंग आणू?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो असा पट्टी शोधता शोधता आला. "सायीचा," काकू म्हणाल्या. "दुधावरच्या."

टेम्पोतून डबे आले, तेव्हा काकू खिडकीतूनच ओरडल्या, "अहो, घर रंगवताय की गाव? म्हातारपणी अंदाज चुकला वाटतं!"

"चुकला असेल," काका खालून म्हणाले.

हा माणूस जिथे हरला तिथेही कधी चूक कबूल न करणारा. पण काकूंचं लक्ष नव्हतं. हमाल डबा दाराच्या नव्या पॉलिशला घासेल की काय, याचाच त्यांना घोर लागला होता.

लेक मदतीला आली. खरवडायचा पत्रा भिंतीवर फिरायला लागला आणि रंगांचे पोपडे खाली पडू लागले. हिरवे, लाल, निळे, आणि लालच्या खाली कुणालाच न आठवणारा एक जांभळा. "हा कुणाचा हो?" काकूंनी विचारलं. काका बराच वेळ बघत राहिले. "सलूनचा," शेवटी म्हणाले, "पहिलं काम. मीसुद्धा विसरलो होतो." गुलाबी भिंतीपाशी आल्यावर लेकीने त्यांचा हात धरला. तिला स्वतःची मुलं आहेत, ऑफिसात माणसं तिला घाबरतात, आणि इथे उभी राहून मुळुमुळु रडायला लागली. "बाबा, एवढी राहू द्या ना."

"येणाऱ्याला त्याचं सामान दिसलं पाहिजे, बाळा," काका म्हणाले आणि पत्रा चालवला. पण तिथे त्यांनी बाकीच्या भिंतींपेक्षा हळू खरवडलं.

मग पुट्टी, मग घासणं, मग अस्तर. मग सायीच्या रंगाचा पहिला हात आणि तो सुकल्यावर दुसरा. बायकोसाठी म्हणा, परक्यासाठी म्हणा, काकांनी जन्मात असं काम केलं नसेल. छताच्या कडेची रेघ दोरी लावून मारल्यासारखी. बटणांच्या भोवती एक शिंतोडा नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी खिडक्या सताड उघडल्या आणि काकूंना काठीच्या आधाराने आत आणलं.

खोली मोठी झाली होती. उजेड कुठेही अडखळत नव्हता. काकू भिंतीभिंतीने फिरल्या, तळहात टेकवत, जणू काही कुणाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. चारही भिंती फिरून झाल्या आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. "किती सोपं होतं हो," त्या म्हणाल्या. "एवढंसं तर होतं. हे तेव्हा दिलं असतंत तर काय झालं असतं?" आणि हमसून हमसून रडल्या. काका शेजारी उभे राहिले, रंगाचे हात लागू नयेत म्हणून मागे धरून. चणे आले तेव्हा दात पडायला आले होते, आणि दोघांनाही ते कळत होतं.

खरी मजा पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, "विकायची एवढी काय घाई आहे?"

काकांच्या हातातला कप तसाच राहिला. "तुझा गुडघा."

"गुडघा माझा आहे, मी बघीन. एवढी सुंदर खोली सोडून कुणी जातं का? चांगली वर्षं सर्कशीत काढली आणि आता राजवाडा झाला तर उठून चालते होऊ?"

"अगं, पण सुट्ट्या संपत आल्या."

"संपू देत."

काकांनी कप खाली ठेवला. मागितलेलं इतक्या उशिरा देणाऱ्या माणसाला, आता ते सोड, असं म्हणायला तोंड कुठून येणार?

किल्लीभाऊ मात्र तेच नवराबायको पुन्हा घेऊन आला. दारावरच त्यांचे डोळे खिळले. आत आल्यावर ती तरुण बायको चकितच झाली. "तेच घर आहे हे?" नवरा म्हणाला, "इथे आपलं कपाट, इथे टेबल." सामान दिसायला लागलं होतं! किल्लीभाऊने काकांकडे बघून डोळा मिचकावला. आणि नेमक्या त्याच वेळी काकूंनी खुर्चीतून सुरुवात केली.

"घर चांगलं आहे हो, पण नळाला पाणी म्हणाल तर करंगळीएवढं."

"काकू!" किल्लीभाऊ दचकला.

"खरं ते सांगावं. उन्हाळ्यात तवा होतो नुसता. वरच्या गच्चीत मुलं नाचतात. आणि समोरच्याचा कुत्रा, विचारूच नका. पहाट म्हणून नाही, रात्र म्हणून नाही."

"समोर कुत्रा आहे?" तरुण बायकोने विचारलं.

"सध्या गावाला गेलाय," काकू म्हणाल्या.

किल्लीभाऊला घाम फुटला. तो खाली वाकून कुजबुजला, "काकू, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?" काका दाराशी उभे होते. एका शब्दाने त्यांनी बायकोला खोटं पाडलं नाही. नळ त्यांनी स्वतः बदलला होता, धो धो पाणी येत होतं. हे घर ठेवायचं की सोडायचं, ते तिनेच ठरवायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलेलं दिसत होतं.

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. मग तो म्हणाला, "बरं, खाली टाकी आणि मीटर आहेत ना, ते बघून जातो." आणि तिने जाता जाता सहज म्हटलं, "काकू, चला ना तुम्ही पण, समोरची गल्लीही दाखवा."

"मला जिना उतरता येत नाही," काकू म्हणाल्या.

कितीदा त्यांनी हे काकांना ऐकवलं असेल, लेकीला ऐकवलं असेल. पण ओळखपाळख नसलेल्या पोरीसमोर ते वाक्य तोंडातून निघालं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. सगळे खाली गेले. पावलं उतरत गेली, मग गल्लीतून बोलणं आलं, किल्लीभाऊ कशावर तरी हसला, ती मुलगीही हसली. काकू खोलीत एकट्या राहिल्या. चारही भिंती सायीच्या रंगाच्या, कुठे जोड नाही, ठिगळ नाही. आणि माणसं सगळी खाली. सुरी सोन्याची झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, असं त्यांची आई म्हणायची. त्यांनी भिंतीकडे एकदा नीट बघून घेतलं. मग काठी धरली, खिडकीपाशी गेल्या आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"किल्लीभाऊ! द्या यांना घर! आणि अगं मुली, पाणी भरपूर आहे! कुत्राबित्रा कुणी नाही, मीच भुंकत होते!"

सुट्ट्या संपायच्या आत सगळं पार पडलं. काकूंना खुर्चीत बसवून दोन हमालांनी जिन्यावरून उतरवलं. काका पुढे, उलटे उतरत, दोन्ही हात पसरून. "सावकाश! सावकाश! भिंतीला घासेल!"

"माझ्या गुडघ्यापेक्षा भिंतीची काळजी!" काकू खुर्चीतून गरजल्या. हमाल हसले, आणि खुर्ची भिंतीला लागलीच. काकांनी थुंकी लावून तिथला डाग पुसला, एकदा वर दाराकडे बघितलं आणि किल्ली त्या तरुण नवराबायकोच्या हातात दिली. ते दार आता इतर दारांसारखंच काकांसाठी लागलं होतं. काकूंना ते तेव्हाच समजलं.

तळमजल्यावरच्या खोल्या बऱ्या होत्या, पण भिंती आधीच्या भाडेकरूंनी तेलकट हातांनी पार मळवलेल्या. काकू उंबरा ओलांडून एकट्या, आपल्या पायांनी अंगणात गेल्या आणि झाडाखाली बसल्या. बायका जमल्या, आणि मग काय, तोंडाला खीळ नाही. दुपारी टेम्पोतून शेवटचं सामान उतरलं. त्यात डबे होते. न उघडलेले.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"सायीचा. उरला."

"तुमचा कधी उरत नाही."

"चूक झाली," काका दुसरीकडे बघत म्हणाले आणि डबे आत घेऊन गेले.

काकू त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. टेम्पो आला त्या दिवशी खिडकीतून आपण काय ओरडलो ते त्यांना आठवलं. हा माणूस तेव्हाच इथल्याही भिंती मोजून आला होता.

काकांनी आतली खोली रंगवायला काढली. पुट्टी, अस्तर, सगळं रीतसर. काकू झाडाखालून उठून अधूनमधून दारात येऊन बघायच्या. एक भिंत झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. काकांनी घोडी चौथ्या भिंतीकडे ओढली आणि ब्रश डब्यात बुडवला.

"थांबा," काकू म्हणाल्या.

"पुरेल ग. मोजलाय."

"माहीत आहे पुरेल. तुमचा अंदाज मला नका सांगू. ती एक भिंत राहू द्या तशीच."

काका ब्रश धरून उभे. रंग ठिबकू नये म्हणून खाली हात धरला होता. "जन्मभर चारही भिंती एकसारख्या हव्या होत्या ना तुला?"

"होत्या. झाल्या. बघून घेतल्या मी." काकूंनी दाराची चौकट धरली. "वकीलताईंचं घर अजून रंगवायचं राहिलंय, किल्लीभाऊ सांगत होता. शिडीवर हाताखालच्या मुलांना चढवा, तुम्ही खालून बघा, पण काम घ्या. त्यांचा थोडा रंग उरेलच की. नाहीतर संध्याकाळी खुर्ची कुणाकडे वळवून बसणार तुम्ही?"

काकांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि होते तिथेच खाली बसले. मग हळूच मागे सरकून पाठ टेकली, सकाळीच दुसरा हात मारलेल्या त्या सायीच्या भिंतीला, आणि डोळे मिटले.

रंग अजून ओला होता. काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं, "अहो, टेकू नका!" पण त्या बोलल्या नाहीत. काठी बाजूला ठेवून तशाच दारात उभ्या राहिल्या.